हातात येणारा पगार हिशोबाशी जुळत नाही: चूक नेमकी कोठे शोधावी

नियुक्तिपत्रावरच्या वार्षिक आकड्याला बाराने भागायचे, त्यातून अंदाजाने थोडा कर वजा करायचा आणि उरलेली रक्कम महिनाअखेरीस खात्यात जमा होईल असे धरून चालायचे, ही पगाराचा हिशोब मांडण्याची सर्वांत रूढ पद्धत आहे आणि ती जवळजवळ दर वेळी चुकते. पगारपत्रके तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात "या वेळी पैसे कमी आले" ही तक्रार घेऊन येणारी माणसे मला पाठ झाली आहेत. गंमत अशी की एकदा समजावून सांगितलेली व्यक्तीच तीन-चार महिन्यांनी तीच तक्रार निराळ्या आकड्यांसह पुन्हा घेऊन येते, कारण मागच्या वेळी तिला त्या महिन्याचे उत्तर मिळालेले असते, हिशोबाची रीत मिळालेली नसते.

ती रीत अशी की प्राप्तिकर हा महिन्याचा कर नाहीच. तो वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो आणि दरमहा त्याचा केवळ एक हप्ता कापला जातो. तो हप्ता किती हे वर्षाचे अंदाजित उत्पन्न, आतापर्यंत कापलेली रक्कम आणि उरलेले महिने या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या तिन्हींपैकी काहीही हलले की पगारात एक रुपयाचा बदल न होताही हातातली रक्कम बदलते. पुढील सर्व आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत आणि व्यवसाय कराचा भाग महाराष्ट्रातील नोकरदारांना लागू होणारा आहे.

पहिल्याच पगारात मोठी तफावत दिसते

नवीन नोकरीचा पहिला पगार येतो आणि अपेक्षेपेक्षा तीस-चाळीस हजारांनी कमी निघतो, तेव्हा बहुतेकांचा पहिला संशय करावर जातो. प्रत्यक्षात कराचा वाटा त्यात लहान असतो. मोठी गळती त्याच्या आधीच, म्हणजे सीटीसीपासून ग्रॉस पगारापर्यंत, म्हणजे कपातींपूर्वीच्या मासिक पगारापर्यंत, येताना झालेली असते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यासाठी वर्षभरात येणारा एकूण खर्च. तो तुमचा पगार नव्हे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. नियुक्तिपत्रावर सीटीसी १६,८०,००० रुपये आहे, म्हणजे रूढ पद्धतीने महिन्याला १,४०,०००. आता त्याच पत्रामागे जोडलेला तपशिलाचा तक्ता उघडावा. बेसिक, म्हणजे मूळ वेतन, ८,४०,००० आहे, म्हणजे महिन्याला ७०,०००. कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,००,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ४०,४०४. सामूहिक आरोग्य विम्याचा हप्ता ८,७९६. कामगिरीवर अवलंबून असणारा वार्षिक बोनस १,५०,०००. या चारही रकमा सीटीसीत आहेत आणि यांतील एकही दरमहा खात्यात येणार नाही. त्या वजा केल्यावर १३,८०,००० उरतात, म्हणजे महिन्याचा ग्रॉस पगार १,१५,०००. एका रुपयाचाही कर कापण्यापूर्वी महिन्याचे पंचवीस हजार कमी झाले आहेत.

४.८१ टक्के हा आकडा पाहून अनेकांना तो कंपनीने मनाने ठरवला असावा असे वाटते. तसे नाही. ग्रॅच्युइटी दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून, अशी मोजली जाते. पंधराला सव्वीसने आणि मग बाराने भागले की वार्षिक बेसिकच्या ४.८१ टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण येते. ही रक्कम नोकरी सोडताना, तीही किमान सेवाकाळ पूर्ण झाला असेल तरच मिळते, त्यामुळे ती सीटीसीत दाखवावी की नाही यावर वाद घालता येईल. माझ्या मते उमेदवाराला पगार सांगताना ती दाखवू नये. पण बहुतेक ठिकाणी ती दाखवली जाते, आणि आडातच नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

आता ग्रॉसमधून होणाऱ्या कपाती. कर्मचाऱ्याच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी ७०,००० च्या १२ टक्के, म्हणजे ८,४००. व्यवसाय कर २००. प्राप्तिकर मोजण्याच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली आहेत; नव्या करप्रणालीत तो असा निघतो: १३,८०,००० मधून ७५,००० ची प्रमाणित, म्हणजे पगारदारांना सरसकट मिळणारी, वजावट केली की करपात्र उत्पन्न १३,०५,००० होते. पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि बारा लाखांवरच्या १,०५,००० वर १५ टक्के म्हणजे १५,७५०. बेरीज ७५,७५०; त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ३,०३०. वर्षाचा कर ७८,७८०, महिन्याचा हप्ता ६,५६५.

१,१५,००० मधून ८,४००, २०० आणि ६,५६५ वजा करा: हातात ९९,८३५ येतात. १,४०,००० च्या अपेक्षेपासून ४०,१६५ कमी, आणि त्यात प्राप्तिकर केवळ साडेसहा हजारांच्या आसपास.

येथेच आणखी एक तक्रार हमखास निघते, ती म्हणजे "पीएफ दोनदा कापला". तो दोनदा कापलेला नसतो, पण दोन्ही वाटे तुमच्याच सीटीसीतून गेलेले असतात: कंपनीचा ८,४०० ग्रॉसच्या आधी आणि तुमचा ८,४०० ग्रॉसनंतर. दोन्ही रकमा तुमच्या नावावर जमा होतात आणि ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, पासबुकात त्या तपासता येतात. कंपनीने महिना संपल्यापासून पंधरा दिवसांत भरणा करायचा असतो, त्यामुळे पासबुकात मागील महिन्याची नोंद लगेच न दिसणे ही चूक नसून उशीर असू शकतो. काही कंपन्या बेसिक कितीही असले तरी १५,००० या वैधानिक मर्यादेवरच १२ टक्के, म्हणजे १,८०० कापतात. नोकरी बदलताना एका पद्धतीच्या कंपनीतून दुसऱ्या पद्धतीच्या कंपनीत गेलात तर ग्रॉस सारखा असूनही हातातल्या रकमेत हजारोंचा फरक पडतो; म्हणून पीएफ पूर्ण बेसिकवर आहे की मर्यादेवर, हा प्रश्न पत्र स्वीकारण्यापूर्वी विचारावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेमुळे यात एक भर पडली आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. बेसिक तीस टक्के आणि बाकी सारे भत्ते अशी रचना असलेल्या ठिकाणी ग्रॅच्युइटीचा पाया त्यामुळे वाढतो. सीटीसी तोच ठेवून कंपनीने रचना बदलली, तर ग्रॉस कमी झालेला दिसेल.

एखाद्या महिन्यापासून पगार अचानक घटतो

वरच्याच उदाहरणातील व्यक्तीला ऑक्टोबरमध्ये १,३५,००० रुपये बोनस मिळाला असे धरू. करपात्र उत्पन्न १३,०५,००० वरून १४,४०,००० झाले. वाढलेली सर्व रक्कम १५ टक्क्यांच्या टप्प्यात बसते, म्हणून जादा कर २०,२५० आणि उपकरासह २१,०६०. वर्षाचा एकूण कर आता ९९,८४०.

सप्टेंबरपर्यंत सहा महिन्यांत ६,५६५ प्रमाणे ३९,३९० कापून झाले आहेत. उरले ६०,४५०, आणि महिने उरले सहा. म्हणून ऑक्टोबरपासून हप्ता १०,०७५. बोनसच्या महिन्यात हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण खात्यात २,३१,३२५ जमा झालेले असतात. नोव्हेंबरात मात्र ९९,८३५ ऐवजी ९६,३२५ येतात, पगार तोच, सुट्टी एकही नाही, आणि मग माणूस पगारपत्रक हातात घेऊन उभा राहतो. काही कंपन्या उलट करतात: बोनसवरचा संपूर्ण जादा कर ऑक्टोबरमध्येच कापतात. तेव्हा त्या महिन्याचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला कर, २७,६२५ दिसतो, "बोनसवर वीस टक्के कर लावला" असा समज पसरतो आणि नोव्हेंबरात पगार पुन्हा पूर्ववत होतो. वर्षअखेर दोन्ही रीतींत कर तितकाच भरला जातो. बोनसवर वेगळा कर नसतो.

वरच्या परिच्छेदातला भागाकारच सर्व शंकांची किल्ली आहे, म्हणून तो पुन्हा मांडतो: वर्षाच्या अंदाजित करातून आजवर कापलेला टीडीएस वजा करायचा आणि उरलेल्या महिन्यांनी भागायचे. पगारवाढ, थकबाकी, शेअर्सच्या स्वरूपात मिळालेला मोबदला, रजेचे रोखीकरण, काहीही असले तरी ते वार्षिक अंदाजात शिरते आणि पुढचे हप्ते बदलते. शेअर्सच्या बाबतीत धक्का जास्त बसतो, कारण मूल्य करपात्र उत्पन्नात धरले जाते पण रोख हातात येत नाही; कर मात्र रोख पगारातूनच कापला जातो. एप्रिलपासूनची वाढ ऑगस्टमध्ये थकबाकीसह मिळाली, तर थकबाकीतील बेसिकवर पीएफही कापला जातो, हेही हिशोबात धरावे.

जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत पगार निम्म्यावर येतो

ही तक्रार जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांची. एप्रिलमध्ये घरभाडे, विमा, गुंतवणूक यांचे अंदाज भरून दिले जातात आणि कंपनी त्यावर विश्वास ठेवून कमी कर कापते. डिसेंबर किंवा जानेवारीत पुरावे मागितले जातात. जो पुरावा येत नाही ती वजावट रद्द होते आणि साऱ्या वर्षाचा फरक उरलेल्या तीन महिन्यांत वसूल होतो.

त्याच उदाहरणात जुनी प्रणाली लावून पाहू, बोनस बाजूला ठेवून. १३,८०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, कलम ८०सी खालच्या गुंतवणुकीचे १,५०,००० आणि घरभाडे भत्त्याची सूट २,४०,००० गेली की करपात्र उत्पन्न ९,३७,५०० राहते आणि उपकरासह कर १,०४,००० येतो, म्हणजे महिना ८,६६७. आता घरमालकाचा पॅन मिळाला नाही आणि वार्षिक भाडे एक लाखाच्या वर आहे. कंपनीने सूट नाकारली. करपात्र उत्पन्न ११,७७,५०० होते, कर १,७२,३८०. फरक ६८,३८० रुपयांचा, तीन महिन्यांत वाटला तर दरमहा २२,७९३. जानेवारीचा टीडीएस साडेएकतीस हजारांच्या घरात जातो.

उपाय दोन. पहिला तात्पुरता: कंपनीची मुदत हुकली म्हणून वजावट कायमची जात नाही, पुरावे खरे असतील तर विवरणपत्र भरताना ती मागता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. दुसरा मुळावरचा: हेच उदाहरण नव्या प्रणालीत ७८,७८० रुपयांत सुटले होते. सगळे पुरावे वेळेवर दिले असते तरी जुन्या प्रणालीत पंचवीस हजारांहून अधिक कर जादा गेला असता. "८०सी भरतो म्हणजे कर वाचतो" ही सवय अजून सुटलेली नाही, आणि पहिली नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी सांगितलेल्या सल्ल्यावर लोक आजही प्रणाली निवडतात. घरभाड्यासोबत गृहकर्जाच्या व्याजाची मोठी वजावटही असेल तरच जुनी प्रणाली या उत्पन्नाला परवडण्याची शक्यता निर्माण होते. दोन्ही हिशोब कागदावर मांडून मगच निवडावे.

याचीच उलट बाजू एप्रिलमध्ये दिसते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. मागच्या वर्षी जुनी निवडली होती म्हणून या वर्षीही तीच चालू राहील असे गृहीत धरून जो घोषणापत्र भरत नाही, त्याचा टीडीएस नव्या प्रणालीने कापला जातो. ज्याला व्यवसायाचे उत्पन्न नाही अशा पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते, पण तोवर दरमहाचे अंदाजपत्रक विस्कटलेले असते.

पगारवाढ झाली आणि हातातली रक्कम कमी झाली

हे अशक्य वाटते, म्हणून मीही पहिल्यांदा ऐकले तेव्हा आकडेमोड चुकली असेल असेच म्हटले होते. बारा लाखांच्या सीमेवर मात्र ते खरोखर घडते.

नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० पर्यंतची सवलत मिळून कर शून्य होतो. ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर १२,७५,००० पगारापर्यंत कर नाही. आता एखाद्याचा ग्रॉस पगार नेमका १२,७५,००० आहे आणि त्याला महिना ५,००० ची वाढ मिळाली. पगार १३,३५,०००, करपात्र उत्पन्न १२,६०,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६९,००० येतो. कायद्यात सीमांत सवलतीची तरतूद आहे, म्हणजे कर बारा लाखांवरच्या जादा उत्पन्नापेक्षा, येथे ६०,००० पेक्षा, जास्त असू शकत नाही. परंतु ही मर्यादा उपकराच्या आधी लागते. ६०,००० वर ४ टक्के उपकर २,४०० चढतो आणि एकूण कर ६२,४०० होतो. वाढ ६०,००० ची, कर ६२,४०० चा: महिन्याला २०० रुपये तोटा, आणि वाढलेल्या बेसिकवरचा पीएफ वेगळाच. ग्रॉस १३,४९,००० च्या आसपास पोहोचल्यावर हातातली रक्कम पुन्हा आधीच्या पुढे जाऊ लागते.

या पट्ट्यात अडकलेल्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पगारपत्रकाच्या प्रणालीने सीमांत सवलत दिली आहे ना, हे आधी. ६९,००० आणि उपकर मिळून ७१,७६० धरले गेले असतील तर ती स्पष्ट चूक आहे आणि ती लेखी कळवावी. दुसरे, कंपनी राष्ट्रीय पेन्शन योजनेत आपल्या वाट्याने रक्कम भरण्याची सोय देत असेल, तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतच्या त्या रकमेची वजावट नव्या प्रणालीतही मिळते. वरच्या उदाहरणातील वाढीचे ६०,००० त्या मार्गाने गेले तर करपात्र उत्पन्न पुन्हा बारा लाखांवर येते आणि कर शून्य होतो. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, हे खरे; पण येथे पर्याय पैसे अडकवणे किंवा ते करात घालवणे असा आहे, आणि मी तरी पहिला निवडेन.

दोन्ही नोकऱ्यांत टीडीएस शून्य, आणि जुलैमध्ये भलामोठा कर

घोडे सर्वांत जास्त येथे पेंड खाते. वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्या माणसाला हातात येणारा पगार जास्त मिळतो, तो खूश असतो, आणि चूक कळते ती विवरणपत्र भरताना.

एप्रिल ते सप्टेंबर पगार महिना ९०,०००. पहिली कंपनी वर्षाचे १०,८०,००० धरते, ७५,००० वजा करते, बारा लाखांच्या आत बसते म्हणून टीडीएस कापत नाही. ऑक्टोबरपासून दुसरी कंपनी महिना १,५०,००० देते. तिला आपल्याकडचे सहा महिनेच दिसतात: ९,००,००० मधून ७५,००० वजा, कर शून्य. दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण त्या माणसाचे खरे उत्पन्न ५,४०,००० आणि ९,००,००० मिळून १४,४०,००० आहे. एकच प्रमाणित वजावट मिळून करपात्र उत्पन्न १३,६५,००० होते, कर ८४,७५० आणि उपकरासह ८८,१४०. वर एक रुपयाही आगाऊ भरलेला नसल्यामुळे कलम २३४बी आणि २३४सी खाली व्याज.

नवीन कंपनीत रुजू होताना आधीच्या कंपनीतील उत्पन्न आणि टीडीएस फॉर्म १२बी मध्ये लिहून दिले असते, तर ऑक्टोबरपासून दरमहा १४,६९० कापले गेले असते. रुजू होण्याच्या दिवशी सही करायच्या गठ्ठ्यात हा कागद असतो आणि बहुतेक जण तो कोरा सोडतात. मीही माझ्या दुसऱ्या नोकरीत तो कोरा सोडला होता आणि पुढच्या जुलैत बचतीतून कर भरला होता. उशिरा लक्षात आले तरी फेब्रुवारीतसुद्धा फॉर्म देता येतो. कंपनीने तोपर्यंत हिशोब बंद केला असेल, तर स्वतः १५ मार्चपूर्वी आगाऊ कर भरून व्याजाचा बराचसा भाग टाळता येतो.

किरकोळ फरक, ज्यांवर वेळ घालवू नये

फेब्रुवारीत पगार १०० रुपयांनी कमी येतो, कारण महाराष्ट्रात व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. वर्षाचे २,५०० ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने घातलेली कमाल मर्यादा आहे. महिना २५,००० पर्यंत वेतन असणाऱ्या स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून हा कर नाही, तेव्हा त्यांच्या पगारपत्रकावर तो दिसला तर हरकत घ्यावी. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये जातात. महिना २१,००० पर्यंत वेतन असेल तर राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के कापले जातात, आणि मध्येच पगार ही मर्यादा ओलांडून गेला तरी सप्टेंबर किंवा मार्चमध्ये संपणाऱ्या त्या सहामाहीअखेरपर्यंत कपात चालूच राहते.

बिनपगारी रजेचा फरक मात्र तपासावा. १,१५,००० पगारात दोन दिवसांची कपात तीस दिवसांनी भागली तर ७,६६७, एकतीसने ७,४१९ आणि सव्वीसने ८,८४६ येते. कंपनीचे धोरण कोणते, हे लेखी मागून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी हजेरीचा महिना २१ तारखेपासून २० तारखेपर्यंत असतो, त्यामुळे २५ तारखेची रजा पुढच्या महिन्याच्या पगारातून वजा होते आणि त्या महिन्यात एकही रजा न घेतलेला माणूस चक्रावतो.

पगार विभागाकडे नेमके काय मागावे

"माझा पगार कमी का?" या प्रश्नाला "नियमाप्रमाणे आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी कर गणनेचा तक्ता मागावा. बहुतेक प्रणालींत तो पगारपत्रकाखालीच छापलेला असतो किंवा कर्मचाऱ्याच्या लॉगिनमध्ये सापडतो. त्यात वर्षाचे अंदाजित उत्पन्न वरून खाली वाचत जावे. अजून न मिळालेला बोनस धरला आहे का, आधीच्या कंपनीचे उत्पन्न आले आहे का, प्रणाली कोणती लिहिली आहे, प्रमाणित वजावट त्या प्रणालीप्रमाणे ७५,००० किंवा ५०,००० आहे का, आणि शेवटी आजवरचा टीडीएस व उरलेले महिने. उरलेल्या महिन्यांच्या रकान्यात राजीनामा दिलेल्यांसाठी एक किंवा दोन असा आकडा दिसतो, आणि शेवटच्या पगारात टीडीएस फुगतो तो त्यामुळेच. टीडीएस एकदम वीस टक्क्यांच्या आसपास गेला असेल तर पॅनची नोंद पाहावी: पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर कलम २०६एए प्रमाणे जादा दराने कपात होते आणि पगार विभाग ती मनाने थांबवू शकत नाही.

चूक वर्षाच्या मध्यात सापडली तर पुढच्या हप्त्यांत ती आपोआप समायोजित होते, वेगळा परतावा मागावा लागत नाही. मार्च उलटल्यावर कंपनीच्या हातात काही राहत नाही. मग मार्ग विवरणपत्राचाच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्यामुळे येथे दिलेली कलमे आणि फॉर्मचे क्रमांक पुढील वर्षाच्या कागदांवर निराळे दिसतील, परंतु २०२५-२६ च्या उत्पन्नाला हेच लागू राहतात.

एक शेवटची तपासणी पगारपत्रकाबाहेरची आहे. कापलेला कर सरकारकडे जमा झाला की नाही, हे फॉर्म २६एएसमध्ये दिसते. कंपनी टीडीएसचे विवरण तिमाहीने भरते, शेवटच्या तिमाहीचे ३१ मेपर्यंत, म्हणून एप्रिलमध्ये मार्चची नोंद न दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. जूननंतरही ती आली नसेल, तर पगारपत्रके आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवून कंपनीला लेखी कळवावे. पगारातून कर कापून घेतला असेल, तर तेवढ्या रकमेची मागणी आयकर विभागाला कलम २०५ मुळे पुन्हा कर्मचाऱ्याकडे करता येत नाही, आणि ते दाखवून देण्यासाठी हीच पगारपत्रके कामी येतात.